अक्काच्या विटा संगणकात

माझ्या थोरल्या बहिणीवर, शालनअक्कावर, कन्हेरीतल्या आमच्या राहत्या घरात धडधडीत अन्याय झाला. साल अठ्ठ्याण्णव, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी सव्वादहा. अन्याय करणारा मी.

अक्का लहान असताना मामानं तिला पुण्याहून एक खेळ आणला होता. लाल प्लास्टिकच्या विटा, पांढऱ्या खिडक्या, हिरवं छप्पर. एकात एक दाबायचं आणि घर बांधायचं. तसला खेळ पुढं दुकानांतून गायबच झाला. (का झाला, याचा जाब कुणीही विचारला नाही!) मी तेव्हा बारामतीत संगणकाच्या क्लासला जायचो. तिथल्या एका प्रोग्रामात मापं भरली की पडद्यावर वस्तू उभी राहायची, चारी बाजूंनी फिरवून बघता यायची. मी ठरवलं, अक्काचं घर विटेगणिक संगणकात बांधायचं. नामशेष होणारा ठेवा वाचवायचा!

क्लासचे सर म्हणाले, "एक वीट मोज आणि बाकीच्या तिच्याच नकला काढ. पाच मिनिटांचं काम."

"ही फसवणूक आहे, सर! प्रत्येक विटेची झीज वेगळी. प्रत्येकीला स्वतंत्र न्याय मिळालाच पाहिजे."

सरांनी कपाळाला हात लावला.

अडचण एवढीच, की आमच्या घरात काही फेकून देत नाहीत. खेळायचं वय सरल्यावर अक्कानं त्या विटा कामाला लावल्या होत्या. लोखंडी कॉटचा एक पाय आखूड, त्याच्याखाली चार. भांड्यांच्या मांडणीखाली सहा. शेळ्यांच्या फाटकाला पाचर म्हणून दोन. सगळं घर कशावर उभं आहे, हे तिला एकटीला ठाऊक! शनिवारी मी या सगळ्या विटा उपसल्या आणि त्यांच्या जागी, मी जिच्यासाठी गावोगाव भाषणं ठोकायचो त्या संघटनेची उरलेली पत्रकं घडी घालून सारली. अक्काला विचारलं? छे! थोर कार्याला परवानगी कसली! विटा पिशवीत घालून क्लासला नेल्या, मोजल्या आणि तिथल्याच कपाटात ठेवल्या.

रविवारी अक्काला बघायला लोणी देवकरहून पाहुणे येणार होते. हे अक्काला आदल्या संध्याकाळी कळवण्यात आलं. मला तेवढंही नाही.

सव्वादहाला मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा आले. मामा म्हणजे उभा हत्ती! "बसा मामा, घरच्यावानी बसा," आमचे वडील, तात्या, म्हणाले. मामा घरच्यावानी कॉटवर बसले. पत्रकांनी क्षणभर संघर्ष केला. मग कॉट कलली आणि मामा घसरत घसरत थेट नवऱ्या मुलाच्या मांडीवर!

"काय न्हाय, काय न्हाय!" तात्या धावले. तेवढ्यात आतून मांडणी कोसळल्याचा आवाज आला. तांबे, ताटं, पातेली, सगळ्यांनी एकदम घोषणा दिल्या. आई ओरडली, "आगं माज्या पोह्यांवर पडली की!"

आणि शेळ्या? त्यांनी फाटकाची पाचर चवीनं खाल्ली होती. (आमची पत्रकं कुणी मनापासून घेतल्याची तीच एक वेळ.) तिघी रांगेत ओसरीवर आल्या आणि पुढारीण होती तिनं मामांच्या हातातली पत्रिका ओढली. पोराची रास, नाडी, गुण, सगळं मिटक्या मारत संपवलं!

मामांनी कॉटखालचा एक चुरगळलेला कागद उचलला. "ह्ये काय हाय?" आणि मोठ्यानं वाचलं, "मुलीला विचारल्याशिवाय लग्न ठरवणाऱ्यांचा जाहीर निषेध!"

तात्या माझ्याकडं बघायला लागले. मी आढ्याकडं.

पोहे माखलेल्या हातांनी अक्का बाहेर आली. "संज्या! माज्या इटा कुठं हायत?"

"सुरक्षित आहेत, अक्का. संगणकात तुझं अख्खं घर उभं केलंय! आता शंभर वर्षं पडणार नाही."

"मंग त्यो संगणक घाल कॉटखाली!" तात्या गरजले.

पाहुणा मुलगा इतका वेळ मामांना सावरत होता. तो फसकन हसला. अक्का त्याच्याकडं वळली. डोक्यावरचा पदर केव्हाच घसरला होता. "हसताय व्हय? मंग आत्ताच सांगती. मी बालवाडीत शिकवती. लगीन झाल्यावर सोडणार न्हाय. चालंल का?"

आईनं तोंडाला पदर लावला. मामांनी घसा खाकरला, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"चालंल की," मुलगा म्हणाला. "पर आमच्याकडची कॉटबी डुगडुगती."

"बगू या," अक्का म्हणाली. तिनं आठवडाभर विचार केला, मग होकार दिला. आज सुखात आहे, बालवाडीही चालू आहे. त्या दिवशी माझ्या घोळामुळं पाहुणे तसेच उठून गेले असते तर तिचं म्हणणं कुणाच्या कानावरही गेलं नसतं, आणि मी मात्र इंदापूरच्या चौकात स्त्रीमुक्तीवर तासभर बोललो असतो. तालुकाभर बायकांचं मत विचारा म्हणून सांगत फिरणाऱ्या मला घरातल्या एका बाईला एक वीट मागायचं सुचलं नाही!

तेव्हा वाचकहो, नुसते हसू नका. तुमच्या घरात पाहुणे बोलावायचं ठरत असेल तर आज, आत्ता उठा आणि जिला बघायला येणार आहेत तिला आधी विचारा. ती नको म्हणाली, तर तसं सांगायला स्वतः जा. एवढं जमत नसेल, तर निदान माझ्यासारखी भाषणं तरी करत फिरू नका!