टायर मोठे, एक्सल तोच

माणूस उंचावर गेला की त्याची दृष्टी विशाल होते, असे थोर लोक सांगत आले आहेत. आमच्या घरात हा प्रयोग बहात्तरच्या दुष्काळात झाला. माझा थोरला भाऊ जमिनीपासून वीतभर उंच गेला. तेवढ्या उंचीवरून त्याला स्वतःची आईसुद्धा दिसेनाशी झाली.

भाऊ त्या सुमारास साखर कारखान्याचा संचालक झाला होता. जीप घरात आधीपासून होती. जुनी, पण धडधाकट. आईचे गुडघे गेले होते आणि कुणाची मदत न घेता तिला चढता येईल असे ते एकच वाहन होते. एका हाताने दांडी धरायची, पाय टाकायचा, की ती आत. या गोष्टीचा तिला अभिमान होता. बैलगाडीत तिला दोघांनी उचलून ठेवावे लागे आणि ते तिला पोत्यासारखे वाटे.

संचालक झाल्यावर भावाला ती जीप बुटकी वाटू लागली. दुसऱ्या एका संचालकाची जीप म्हणे हिच्याहून उंच दिसायची. नगरला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होई. तिथून बाहेर पडलेले लहान ट्रकचे चार टायर भावाने मिळवले. मिस्त्रीने ते जीपला चढवले, मडगार्डांना घासू नयेत म्हणून मडगार्ड कापले आणि स्प्रिंगांच्या पाट्यांना ठोकळे लावून गाडी आणखी वर उचलली. मग दोन पावले मागे सरून तो म्हणाला, "साहेब, ही गाडी न्हाई ऱ्हायली. किल्ला झाला किल्ला!"

मी विचारले, "आणि मागचा एक्सल?"

"एक्सल तोच. सडकेवर काय बी व्हनार न्हाई. वाळूत तेवढं घालू नका."

भावाने यातले "काय बी व्हनार न्हाई" एवढेच ऐकले. निवडून आलेल्या माणसांची ऐकण्याची हीच रीत असावी.

गाडी बनवणारा चाक आणि एक्सल यांचा मेळ बसवून देतो. चाक मोठे केले की ते फिरवताना एक्सलच्या दांड्याला जास्त पीळ बसतो, आणि दांडा तर पूर्वीइतकाच जाड असतो. परतीच्या वाटेवर मी हे भावाला सांगून पाहिले.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या शाळेत जीप किती हायत?"

शाळेत सायकलीही दोनच होत्या. वाद तिथेच संपला.

त्या जीपला पुढच्या चाकांनाही जोर देता येत असे. पण पेट्रोल कमी लागावे म्हणून भावाने पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा केव्हाच काढून ठेवला होता. गोठ्याचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो दाराला टेकवलेला असे. त्या कामात तो चोख होता.

किल्ल्यावर आईला चढता येईना. त्यासाठी एक लाकडी स्टूल आणून जीपच्या मागे बांधले. ते सोडणे, ठेवणे, आईला वर चढवणे आणि परत बांधणे हे काम माझ्याकडे आले. एम.ए. होऊन मला घरात मिळालेले हे पहिले पद.

अशात एका संध्याकाळी नेवाशाकडून माणूस आला. नेवाशाच्या पुढे, प्रवरेच्या पलीकडच्या गावात माझी मावशी होती, आईची पाठची बहीण. तिने अन्न सोडले होते आणि सारखी आईचे नाव घेत होती. आईने रात्रीच पिशवी भरली. पहाटे उठून ती ओसरीवर बसली आणि मला म्हणाली, "सातची यष्टी धरू. चल."

भाऊ आतून बाहेर आला. "डायरेक्टरची आई यष्टीत? लोक त्वांडात श्यान घालतील माझ्या. मी नेतो ना जीपनं."

"मग आत्ता चल."

"एका ठिकानी नारळ फोडायचाय. गेलो आन् आलो."

सातची एसटी आमच्या घरावरून गेली. आईने तिच्याकडे पाहिले आणि पिशवी मांडीवर घेतली. भाऊ आला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि त्याच्या गळ्यात अजून हार होता. वाटेत त्याने दोन गावांत गाडी थांबवली. कुणी बोलावले नव्हते. गाडी उभी राहिली की लोक जमत, टायरला हात लावून बघत आणि भाऊ उतरून त्यांना टायरची हकिकत सांगे. दुसऱ्या गावात मी म्हणालो, "दादा, तिकडं मावशी वाट बघतीय. टायर परत येताना दाखव."

"लोकांना तोडून चालत न्हाई," तो म्हणाला.

 आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

नेवासे मागे पडले आणि प्रवरा दिसली. नदी म्हणजे त्या वर्षी नुसती वाळू. पलीकडे जायला पूल होता. पण पात्रात बायामाणसे झिरे उकरून वाटी वाटीने पाणी भरत होती आणि भावाला ती गर्दी दिसली.

"पात्रातनंच जाऊ. जवळ पडंल."

"मिस्त्री काय म्हणाला होता?"

"मिस्त्रीला मत हाय का आपल्या कारखान्यात?"

त्याने जीप वाळूत घातली. मध्यावर ती मंदावली. भावाने जोर दिला. साधे टायर असते तर ते घसरले असते, जागच्या जागी फिरले असते आणि आम्ही उतरून ढकलले असते. हे टायर घसरले नाहीत. त्यांनी वाळू घट्ट धरून ठेवली, जे त्यांच्याविषयी भाऊ दोन गावांत सांगून आला होता. मग पीळ जाणार कुठे? मागे बाभळीची वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला. इंजिन चालू राहिले, चाके थांबली. लिव्हर टाकून पुढच्या चाकांनी तरी बाहेर पडता आले असते. पण पुढचा दांडा घरी गोठ्याच्या दाराला होता.

मी स्टूल ठेवले. ते वाळूत रुतले. आई त्याच्यावरच बसली, नदीच्या मधोमध, डोक्यावर पदर घेऊन. झिऱ्यावरच्या एका बाईने तिला तांब्याभर पाणी आणून दिले. त्या दिवसांत कोणी कोणाला तांब्याभर पाणी देत नव्हते.

भाऊ बॉनेट उघडून बघत होता. मोडले होते मागे.

तेव्हा माझा तोल गेला. "दादा, हिची बहीण तिकडं मरतीय आणि तू हिला मिरवणुकीत घेऊन फिरतोयस! तुझी उंची तू मेल्यावर मोज, सगळे खांद्यावर घेतील तेव्हा!"

"मास्तर, लोक बगत्यात," भाऊ हळू आवाजात म्हणाला.

लोक बघतच होते. पाण्याचे पिंप घेऊन आलेला एक गाडीवान आईकडे पाहून म्हणाला, "आजी, आमची गाडी बारकी हाय, पर आस शाबूत हाय. चला, सोडतो."

"मी नगरहून दुसरी जीप मागवतो," भाऊ म्हणाला. "आई, थांब जरा."

आई उठली. गाडीवानाने आणि मी तिला उचलून पिंपाशेजारी ठेवले. तिने या खेपेला तक्रार केली नाही. भाऊ जीपपाशी थांबला. असली गाडी उघड्यावर टाकून जाणे बरे दिसले नसते.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागत होते. पुरुषमंडळी नदीतल्या झिऱ्यावर अंगावर पाणी घेऊन परत आली होती आणि दारात कडुलिंबाचा पाला पडला होता. मावशीची सून आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "दुपारपत्तुर शुद्धीत हुत्या. दाराकडं बगून इचारायच्या, आक्का आली का?"

आई रडली नाही. तिने विचारले, "मंग काय सांगितलंत?"

"निघाल्यात म्हनलं. जीपनं येत्यात म्हनलं."

दहाव्याला भाऊ दुसऱ्याची जीप घेऊन आला. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी पुढाऱ्यांनी भाषण करायची पद्धत आहे. मेलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. भाऊ बोलायला उभा राहिला. आम्ही धावाधाव केली, तो म्हणाला, आधुनिक वाहन होते, सारे प्रयत्न केले, पण विधीची इच्छा वेगळी होती. एक्सल मोडला नाही, नियतीने मोडला. काळाच्या पुढे कोण पोचला आहे? लोकांनी माना डोलावल्या. आई बायकांत बसली होती. ती वाळूकडे बघत राहिली.

आमच्या शाळेचा शिपाई त्या दिवशी सातच्या एसटीने नेवाशाला गेला होता. गाडी वेळेवर पोचली, असे तो सांगत होता. अर्धी रिकामी होती.