देवीचा कोप आणि माझी दाढ

त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही. ती कधीच मरून गेली, पण माझा राग काही तिच्याबरोबर सरणावर चढला नाही.

मारेगावकडच्या एका गावात मी नवी सून होते. आम्ही बौद्ध झालो तेव्हा सासूनं घरातले देव टोपलीत घालून स्वतःच्या हातांनी नदीत सोडले होते. ती बाई त्याच गावातली, तिच्या अंगात देवी यायची. या घरावर कोप होणार, असं ती तेव्हापासून सांगत फिरत होती. दुसऱ्या वर्षी कापूस फुटायच्या सुमारास माझी खालची दाढ ठणकायला लागली. एवढ्या मोठ्या कोपाला माझी दाढच सापडली!

दाढदुखीचं कोणाला काय! लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या. तिसऱ्या दिवशी गाल टम्म फुगला तशी सासू घाबरली. आजाराला नव्हे, गावाला.

"बाहेर नोको निघू पोरी," ती म्हणाली. "त्या बाईनं पाह्यलं तं गावभर नाचंन. म्हणंन, पाहा, कोपली देवी."

नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. मलाही सासूचं पटलं. त्या बाईला हसायला मिळू नये म्हणून मी घरात कोंडून घेतलं आणि ताप अंगावर काढला. अशी आम्हा दोघींची अक्कल.

पाचव्या दिवशी सूज गालावरून हनुवटीखाली, गळ्याकडे उतरली. तोंडात करंगळी जाईना. जिभेखाली काहीतरी कोंबल्यासारखं वाटायचं, आवाज घोगरा झाला. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून होते. थुंकीसुद्धा गिळवेना, ती पदरावर गळत होती. सासूनं चमचाभर पेज तोंडात घातली, ती तशीच बाहेर आली. तिनं वाटी खाली ठेवली.

"आज नेलं तं दोन दिवस हासतीन," ती म्हणाली. "मेली तं जलमभर हासतीन. त्यायले तुह्या मयताचा तमाशा नाई पाहू देत मी."

तिची माझ्यावर माया नव्हती असं नाही. पण त्या दिवशी मला उठवलं ते मायेनं नव्हे, सुडानं. शेजाऱ्याची बैलबंडी जुंपायला लावली आणि भर दुपारी, मुद्दाम देवळासमोरच्या रस्त्यानं, तोंडावरचा पदर काढून मला नेलं. ती बाई ओट्यावरून ओरडली, "भोगा आता!" सासूनं तिच्याकडे मान वळवून पाहिलंही नाही.

वणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा गळा चाचपला आणि ते सासूवर खेकसले. "नुसती दाढ दुखली तर दोन दिवसांनी आलात तरी चालतं. पण सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, की घटकाभरही थांबायचं नाही! आज रात्री हिचा श्वास बंद झाला असता." त्यांनी हनुवटीखाली चिरून पू काढला, दाढ उपटली, पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. अकराव्या दिवशी मी घरी आले.

आल्यावर काय ऐकलं? देवीनं मला माफ केलं म्हणे! त्या बाईनं गावभर तसं सांगूनही टाकलं होतं. दुखणंही देवीचं आणि बरं होणंही देवीचंच. मग माझी मान कापली ती कोणी? माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

पुढच्या वर्षीच्या वेचणीला ती आणि मी एकाच शेतात होतो. ती एका हातानं कापूस वेचत होती, दुसरा हात गालावर. तोंडाला लवंगेचा वास. दवाखान्यात जाणार कुठल्या तोंडानं? देवी तर तिच्याच अंगात! वेचता वेचता ती माझ्या ओळीजवळ सरकली आणि दातांवर दात ठेवून पुटपुटली, "लय दुखलं काय वं, कापतानी?"

मलाही हळूच सांगता आलं असतं. मी उभी राहिले आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाले, "दाढ सुजली काय बाई तुमची? उघडा बरं तोंड. नाई उघडत? थुका तरी गिळता येते काय? तेबी नाई? मंग देवीपाशी नोका बसू. आताच्या आता वणीले जा, नाई तं मरसान!"

बायांचे हात थांबले. कोणीतरी फिसकन हसलं. तिनं पदर ओढून गाल झाकला.

तिचा जीव वाचवायला मी बोलले नव्हते. तिची अब्रू काढायला बोलले होते. पण तिच्या नवऱ्यानं दिवस मावळायच्या आत तिला वणीला नेलं आणि ती वाचली. पुढे पुष्कळ वर्षं जगली, आणि तेवढ्या वर्षांत माझ्यासमोर तिच्या अंगात एकदाही देवी आली नाही.