जागृतीताईंच्या सर्व्हरची राखीव किल्ली

आमच्या घरमालकीण जागृतीताई न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसल्या. तिथलं टाकाऊ मशीन तळवलीच्या घरी आणून, स्वतः वाचून वाचून त्यांनी त्यावर लिनक्स चढवलं आणि त्यात सासूबाईंचा आवाज साठवला. सासूबाई, म्हणजे यशोदाबाई, नावाजलेल्या धवलारीण, लग्नविधींची पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या. त्यांनी धवले गायल्याशिवाय इथल्या जुन्या घरांत हळद लागत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. आता तोंडातून फक्त "हं" निघतं. दुपारी त्या खाटेवर पडून स्वतःचेच धवले ऐकतात. असे एकशे बेचाळीस धवले, सगळे त्या एकाच मशीनमध्ये. दुसरी प्रत कायम पुढच्या महिन्यात होणार होती.

दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची म्हणून ताईंनी चार वर्षं अखंड चाललेला हा सर्व्हर बंद केला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग बटण दाबलं, तर सुरूच होईना. एवढी हुशार बाई, आणि मशीन मारलं ते पूजेनं! मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

"गानी मोठ्या डिस्कवर हायत, उज्वला. मेलीय ती मशीन चालू करनारी छोटी."

"ताई, दुकानात दाखवू या का?"

"नको. ते सगळंच पुसून देतील. कोनाला हात लावू देनार नाय मी."

आपला हात जगन्नाथ. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मेलेल्या छोट्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी आणली. आधी गाण्यांची डिस्क काढून देवघरात ठेवली, चुकून तिच्यावरच नवी सिस्टीम चढायला नको म्हणून. मी तर घाईत सगळं घालवून बसले असते. तासाभरात लिनक्स चढलं, डिस्क परत जोडली, आणि पडद्यावर पासवर्ड मागितला गेला.

गाण्यांच्या डिस्कला कुलूप होतं आणि मशीन सुरू होताना ते आपोआप उघडणारी किल्ली मेलेल्या डिस्कवर होती. राखीव पासवर्ड म्हणजे हळदीच्या एका धवल्याची दुसरी ओळ, सासूबाईंनी स्वतः जुळवलेली. चार वर्षांत ताई ती ओळ पार विसरल्या होत्या. पाच वेळा वेगवेगळी लिहून पाहिली, पाचही चुकल्या.

मग त्या उठून खाटेपाशी गेल्या. भसाड्या आवाजात पहिली ओळ गायल्या आणि अडल्या. पुन्हा गायल्या, पुन्हा तिथेच अडल्या. धवला अर्ध्यावर सोडणं इथे अपशकुनाचं मानतात. तिसऱ्यांदा अडल्यावर यशोदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि दुसरी ओळ उचलली. शब्दांसकट! "पाणी" म्हणता न येणारी ती बाई चक्क गात होती.

"ताई, पासवर्ड टाका!" मी कुजबुजले.

त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. यशोदाबाई थांबत, धापा टाकत सात ओळी गायल्या आणि धवला पुरा करूनच थांबल्या. त्यानंतर कुठे ताईंनी ती ओळ टाइप केली. डिस्क उघडली. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस फाइली जागेवर होत्या.

ताईंनी डोळे पुसले आणि एकशे त्रेचाळिसावी घातली.