वाघबारशीचे कडू कंद

जव्हारहून खोडाळ्याच्या एसटीत बसले तेव्हा ठरवलंच होतं, या दिवाळीत घरी सांगून टाकायचं. माझं लग्न मोडलं होतं.

चार वर्षांची ओळख, होळीनंतर झालेला साखरपुडा, आणि गणपती उठल्यावर त्याचा फोन: ‘माझं मन होत नाही.’ एवढंच. मी तालुक्याच्या कचेरीत लिपिक आहे. कुणाची साधी रजा नाकारायची तरी आम्ही कारण लिहून देतो. महिनाभर मी खोलीवर भात करपवत आणि रडत काढला. घरून फोन आला की मात्र, ‘सगळं बरं आहे.’ लग्नाच्या जेवणासाठी म्हणून बाबांनी या वर्षी जादा भात लावला होता. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

गावी कापणी चालू होती. मला तेच बरं होतं, कारण विळा घेऊन वाकलेल्या माणसाचं तोंड कुणी बघत नाही. दोन दिवस मी नुसती कापत राहिले. रोज सकाळी वाटायचं, आज बोलू. रोज संध्याकाळी वाटायचं, सण तरी होऊ दे.

मग वाघबारस आली. आमची दिवाळी तिथून सुरू होते. वेशीवर वाघदेवाला नारळ, घरी काकडी किसून पानात उकडलेली सावेली, आणि कडू कंद. हे कंद मुळातच कडू. चकत्या करून राख घालून उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा त्यांचा कडवटपणा जातो. टोपली ठेवायचं काम लहानपणापासून माझं.

आदल्या संध्याकाळी मी ओहोळावर गेले. तिथल्या खडकावर नेमकी रेंज येते. आणि मी शहाणीने मोबाइल उघडला. त्याने प्रोफाइलवरचा आमच्या दोघांचा फोटो काढून टाकून स्वतःचा एकट्याचा लावला होता. नवा शर्ट घालून हसत होता मेला. मी तिथेच बसून हमसून हमसून रडले. मग तोंड धुतलं, टोपली ठेवली, वर दगड ठेवला आणि घरी आले. धार सोडून मी ती कडेच्या साचलेल्या डबक्यात ठेवली होती. सकाळी उचलून आणतानाही माझ्या ते ध्यानात आलं नाही.

जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि जीभच आखडली. मी मान खाली घालून बोलणी खायची वाट बघू लागले. आमच्या घरात भाजीला मीठ चिमूटभर जास्त झालं तर आठवडाभर टोमणे बसतात. आत्या तर करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पण कुणीच काही बोलेना. आई मुकाट चावत होती. वहिनीने मुलांच्या पानातले कंद हळूच काढून त्यांना सावेली वाढली. आत्या घासाघासाला पाणी पीत होती. बाबांनी ताट पुढे केलं. ‘अजून वाढ.’

या घरात मला कुणी बोलत नाही म्हणजे यांना सगळं ठाऊक आहे.

‘बाबा, लग्न...’

‘ठावं हाय,’ बाबा म्हणाले. ‘त्याचा काका बाजारात भेटला व्हता. दसऱ्याच्या आधी.’

‘मंग बोललात का नाय?’

‘तूच सांगशील म्हणलं. नायतर सण तरी होऊ दे तुझा.’

म्हणजे तीन आठवडे फोनवर मी ‘बरं आहे’ म्हणत होते आणि तिकडून तेही ‘बरं हाय’ म्हणत होते. मला रडू आवरेना. आईने उष्ट्या हातानेच मला जवळ ओढलं.

‘आता बोलू का मी?’ आत्याने तांब्या आपटला. ‘कडूजहर केलंस गं बाई! घसा जळला माझा!’

वहिनी फिस्सकन हसली, मग आई, मग मीसुद्धा. नाक वाहतंय, डोळे वाहताहेत आणि हसू काही थांबत नाही. महिन्याभरात मी पहिल्यांदा हसत होते, आणि खरंच बरं वाटत होतं.

आणि त्याच हसण्यात मनात आलं, हे त्याला सांगितलं पाहिजे, किती हसेल तो. चार वर्षं असं काही झालं की पहिला फोन त्यालाच जायचा. मी पुन्हा रडायला लागले. या वेळी कुणी उगी राहा म्हणालं नाही. आई पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि आत्याने माझ्या पानात एक सावेली वाढली.