बिनधुराच्या चुलीचा धूर

आमचं नवं घर बांधून झालं, तेव्हा त्यात राहायचं कसं हेच मला समजेना. घर माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलं होतं. तो गवंडी. रिसोडला एका डॉक्टरच्या बंगल्यावर त्यानं दोन वर्षं काम केलं होतं, आणि अर्धी माणसं घरामुळेच आजारी पडतात असं त्या डॉक्टरनं त्याच्या डोक्यात भरवून दिलं होतं. झालं. तेव्हापासून त्याला आमच्या जुन्या झोपडीत बसवेना.

झोपडीत खरोखरच खिडकी नव्हती. चूल पेटली की माझी सासू, जिला मी आत्या म्हणत असे, खोकायला लागायची आणि चूल विझल्यावरही खोकतच राहायची. तिचे डोळे बारा महिने लाल असत. नवऱ्यानं ठरवलं की मायसाठी नवं घर बांधायचं आणि त्यात धुराचं नावसुद्धा नको. माझ्यासाठी काय बांधायचं ते त्यानं विचारलं नाही. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, मीही बोलले नाही.

गावात ज्याला त्याला तेव्हा टिनाच्या छपराची हौस होती. नवरा म्हणे, टिन उन्हाळ्यात भाजते अन् हिवाळ्यात गारठते. त्यानं पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती घातल्या, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, खाली मांडीएवढं उंच जोतं. कोनाड्यात बुद्धाची तसबीर. आणि समोरासमोर दोन खिडक्या, एका बाजूनं वारा आत यावा आणि दुसऱ्या बाजूनं निघून जावा म्हणून. मला हे काही पटलं नाही. घालवूनच द्यायचा तर वारा आत घ्यायचा कशाला? आमच्या बौद्धपुऱ्यात खिडकी असलेलं ते पहिलं घर. शेजारची बाई येता-जाता खिडकीतून सरळ डोकं आत घालून विचारी, "काय शिजवून राह्यली वं?" मी खिडकीला लुगडं बांधायची आणि नवरा ते सोडायचा.

चूल ग्रामसेविकेनं दाखवली तशी केली. तोंड लहान, वर दोन भांड्यांची सोय, मागून कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या नळ्या भिंतीतून वर कवेलूंच्याही पार नेलेल्या. बिनधुराची चूल म्हणायची तिला. सरपण निम्मंच लागेल असं ती बाई म्हणाली आणि ते खरं निघालं. चार तुराट्यांत भाकरी होऊ लागल्या. महिन्याभरात आत्याचा खोकला गेला. लग्न झाल्यापासून रोज ऐकलेला आवाज एकाएकी बंद झाला, तर मला घरात चुकल्यासारखं होई. आत्या मात्र धुराड्याकडे संशयानं बघायची. तिचं म्हणणं, घरातला धूर घरातच बरा, तो चव्हाट्यावर कायले पाठवायचा?

ती काय म्हणते ते मला दुष्काळ पडल्यावर कळलं, किंवा कळलं असं वाटलं.

पाऊस आलाच नाही. गवंड्याला तर सगळ्यात आधी दुष्काळ, कारण पोट रिकामं असताना घर कोण बांधतो? नवरा आसेगावकडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. काम तीन कोसांवर, मुक्काम तिथंच. सकाळच्या हजेरीला माणूस दिसला नाही तर नाव कटायचं. जाताना दारात उभं राहून तो मायशी हळू आवाजात काही बोलला. मग माझ्याकडे वळून त्यानं भिंतीवरून हात फिरवला. "भिंतीले पोतेरा मारत जाजो," एवढं म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मला कळलं की मला दिवस गेलेत.

हे त्याला कसं कळवायचं? मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. कामावर जाणाऱ्या गड्यांच्या तोंडी असला निरोप मी देणार नव्हते. आत्याला मी सांगितलं. तिनं माझ्या पोटाकडे नाही, पिठाच्या डब्याकडे पाहिलं. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मला एकच हवं होतं, तो एक दिवस घरी यावा. आला की मी सांगेन, मग तो काय करायचं ते करील.

तो कामावरच्या माणसांबरोबर दाणे पाठवी, पण ते पुरत नव्हते. आम्ही एकाच वेळेला, सकाळी, चूल पेटवायला लागलो. आत्या तिच्या भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या ताटात टाकायची आणि मी काही म्हणायच्या आत उठून जायची. संध्याकाळी पाणी पिऊन पडायचं. दुपार टळली की मी विहिरीवर जाई. पाणी तळाला गेलेलं, घागर भरायला फार वेळ लागे. परत आले की चूल गरम.

पहिल्या दिवशी वाटलं, मलाच भास झाला. दुसऱ्या दिवशी राखेत हात घातला तर निखारे. सकाळची चूल संध्याकाळपर्यंत गरम राहत नाही, एवढं मला समजत होतं. सरपणही कमी होत होतं. एका वेळची बचत करून मी रचलेल्या गवऱ्या रोज दोन-तीननं कमी. मग माझ्या मनात आलं ते लिहायला आजही लाज वाटते. वाटलं, सासू माझ्यामागे भाकर करून खाते. माझ्या पोटात तिच्याच लेकाचं लेकरू, आणि ही म्हातारी चोरून खाते.

मी डब्यातल्या पिठावर चार बोटांचे ठसे उमटवून विहिरीवर गेले. परत आले, चूल गरम होती. डबा उघडला, ठसे जसेच्या तसे. मग ही शिजवते तरी काय? तवा कोरडा, कालवणाचा गंज कोरडा. आत्या दारात बसून लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत होती. डोकं चालेना. भुकेनं मलाच वेड लागतंय की काय असं वाटलं.

एक दिवस रिकामी घागर तशीच घेऊन मी अर्ध्या वाटेतून परतले. आत्या चुलीसमोर बसलेली. चुलीवर काही नाही. ती आत जळत्या तुराट्यांवर ओली गवरी ठेवत होती, धूर जास्त व्हावा म्हणून. ज्या चुलीत धूर नको म्हणून माझ्या नवऱ्यानं नळ्यांवर नळ्या चढवल्या, तिच्यात ही धूर करत होती.

"हे काय करून राह्यल्या तुमी आत्या?"

ती दचकली नाही. "दिसत नाई काय? चूल पेटवून राह्यली."

"काहून? शिजवाले काय आहे?"

"म्हनूनच तं." तिनं गवरी सारखी केली. "बाकीच्या घरचा धूर कवेलूतून इकडं तिकडं जाते. कोनाची पेटली, कोनाची नाई, काई समजत नाई. आपला उभा निघते. सांजच्याले निघाला नाई तं साऱ्या पुऱ्याले समजते, ह्यांच्या घरी काई नाई."

मी खाली बसले. हसावं की रडावं कळेना. सरपण वाचवायची चूल, आणि तिच्यात आम्ही सरपण जाळतोय, ते भाकरीसाठी नाही, शेजारणीसाठी. मला ते मूर्खपणाचं वाटलं. पण त्याच संध्याकाळी शेजारीण खिडकीतून डोकावून म्हणाली, "तुमचं बरं हाय बाई, दोन्ही टाइम चूल हाय," आणि माझी मान आपोआप ताठ झाली. ती मान मला आवडली नाही, पण ताठ झाली हे खरं.

पुढं आत्याला ताप भरला. चार दिवस ती उठली नाही. पहिल्या संध्याकाळी तिनं अंथरुणातून नुसतं चुलीकडे बोट केलं. मी नाही म्हणाले. तिनं पुन्हा बोट केलं, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी उठले. लोकलाजेसाठी तापातल्या बाईनं एवढं काकुळतीला यावं, याचं मला नवल वाटलं. चारही दिवस चूल मी पेटवली.

रस्त्याचं काम संपलं तेव्हा नवरा आला. मला सातवा लागला होता. तो दारात आला, माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या हाताच्या काड्यांकडे, मग मायकडे. डोक्यावरचं गाठोडं उतरवायचंही विसरला.

"हे मले काहून नाई सांगितलं?"

"कोनाजवळ सांगू?" मी म्हणाले. "तुमी एक दिवस तरी आले काय?"

"आलो होतो," तो म्हणाला. "तीन खेपा आलो."

मला वाटलं, भुकेनं याचंही डोकं फिरलं. मग तो सांगू लागला. जाताना दारात त्यानं मायला सांगितलं होतं, की जमेल त्या दिवशी संध्याकाळी मी वाटेतल्या टेकडीपर्यंत येईन. तिथून आपलं धुराडं दिसतं. धूर निघताना दिसला तर समजेन, घरी दोन्ही वेळ चूल आहे, आणि हजेरी न चुकवता मागं फिरेन. दिसला नाही, तर नाव कटो की काही होवो, घरी येईन.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. "नाव कटलं असतं तं तिघंबी मेलो असतो," एवढंच म्हणाली. तिला राग आला होता की रडू, ते तिच्या आवाजावरून मला समजलं नाही. पुढं ती बरीच वर्षं जगली, त्या घरात एकदाही खोकली नाही, आणि हा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. तिनं केलं ते माझ्यासाठी की माझ्याविरुद्ध, हे मी मनात कितीदा उलटसुलट करून पाहिलं आहे. लेकरू जगलं. लहानखुरं होतं, पण जगलं. म्हणजे तिचंच बरोबर असेल.

पण त्या दिवशी नवरा पुढंही बोलत होता. म्हणाला, "तिसऱ्या खेपेले तं मन लागतच नव्हतं. यायचंच ठरवलं होतं. मंग वरून पाह्यलं, धूर रोजच्यापेक्षा जाड होता. म्हटलं, आज काई गोडधोड असन. पोया झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट."

पोळ्याच्या दिवशी आत्याला ताप भरला होता. दुसऱ्या दिवशी गवरी मी घातली होती, एकीच्या जागी दोन, शेजारणीला नीट दिसावं म्हणून. आणि धूर सरळ वर जातो का ते बघायला अंगणात जाऊन उभीही मीच राहिले होते, टेकडीकडे तोंड करून.