तीन रानतुळशी

आमच्याकडे तुरेवाल्या हुदहुदाला सुतार म्हणतात आणि खोड टोकरणाऱ्या पाखरालाही सुतारच. त्यानं कुणाचं काही अडत नाही. आज टेकडीवर मात्र माझं अडलं. रानतुळस म्हणतात अशी तीन निराळी झुडपं समोर उभी होती. उग्र वास तिन्हींना, मंजिऱ्याही तिन्हींना.

आत्या दम्याच्या माणसांना रानतुळशीचा काढा द्यायची. पाला मुठीत झाकून आणायची. मी मागे लागले की म्हणायची, "दाखवलं की गुण जातो गं." आता तिचीच छाती घरघरतेय, वाचा गेलीय आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. आपण सगळे एकाच नावावर भागवत राहिलो. त्या नावामागचं नेमकं झाड ओळखणारं माणूस एकच होतं, हे आत्ता कळून काय उपयोग?

घरी येऊन तिन्ही झुडपांच्या डहाळ्या तिच्यापुढे धरल्या. "आत्या, यातली कुठली? नुसतं बोट लाव. पाया पडते तुझ्या."

तिनं तिन्ही नीट पाहिल्या. हात पुढे केला. पण कुठल्याच डहाळीला बोट न लावता तिनं माझी बोटं एकेक करून तिन्हींच्या पाल्यावर मिटली, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं.