मावशीची वाय-फायची वही

रायपूरला उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. माझ्या फोनचे तर गोंदियालाच वाजले होते. रेंज गायब. घरी खुशाली कळवायची होती, म्हणून समता कॉलनीतल्या मावशीच्या खानावळीत पाय ठेवताच मी वाय-फायचा पासवर्ड मागितला.

"आधी वहीत लिही," मावशी म्हणाली. ती मूळची अमरावतीची, तीस वर्षं इथे. "नाव, नंबर, पत्ता. भाची असशील तुह्या घरी!"

"काहून गं?"

"हवालदार सांगून गेला. लोकाईले नेट देता, तं कोण वापरते ते लिहून ठेवा म्हणे. मी कायदा पाळून राहिली."

लोणच्याच्या बरणीशेजारी वही दोरीला बांधलेली. फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) खाता खाता मी तिची चार पानं वाचून काढली. कोण कुठल्या पाऱ्यात (वस्तीत) राहतं, कोणाचा नंबर काय, सगळं कळलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

समोर सोनल जेवत होती. जवळच्या दवाखान्यात नर्स, मराठी समजणारी पण हिंदीत बोलणारी. सिलतऱ्याच्या कारखान्यातला एक माणूस छळायचा, म्हणून तिने नंबर आणि खोली दोन्ही बदलली होती. पहिल्याच भेटीत तिने हे सांगून टाकलं, कारण मी खोदून खोदून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं रायपूर पाहिलं. रस्ते इतके रुंद, की पलीकडे जायला शिदोरी बांधून घ्यावी. बसची वाट पाहून पायांचे तुकडे पडले. भुकेने कासावीस होऊन परतले आणि सोनलच्या शेजारी बसले.

एवढ्यात एकजण आत आला. सोनलने मान खाली घातली. "दीदी, यही है वो," ती पुटपुटली.

त्याने तिला पाहिलं नव्हतं. त्याने वाय-फाय मागितलं, मावशीने सवयीने वही सरकवली, आणि तो पानं उलटी चाळू लागला. सोनलचा नवा पत्ता तिसऱ्या पानावर होता. मीच वाचला होता. मी ओरडले.

"मावशी, वही घे!"

मावशीने सोनलच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वही हिसकावली.

"मौसी, नाम ही तो लिख रहा था।"

"पिछले पन्ने पे? चल, निकल!"

चार जेवणारे ताटावरून उठले, तसा तो गेला. मावशीने वही छातीशी धरली. "मीच मांडून ठेवलं होतं गं पोरी," ती म्हणाली.

"फाड़ दो, मौसी," सोनल रडत म्हणाली.

"फाडता नाही येत. कायदा आहे." मावशीने थोडा विचार केला, वही स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसली. "पोलिसानं कागद दाखवला, तं उठीन. बाकी कोणासाठी नाही."

त्या दिवशीचं सगळं वाढप तिने बसूनच करवून घेतलं.

परतताना गाडीला उशीर होता. फोन एव्हाना शुद्धीवर आला होता. स्टेशनवर फुकटचं वाय-फाय दिसलं. त्यानेही नंबर मागितला. पाच आकडे टाकले आणि बोट थांबलं. दुसऱ्यांचे पत्ते मी किती चवीने वाचले होते, त्याची लाज वाटली. नोंद हवी, हे मला पटतं. पण या नोंदीवर बसलेलं कुणी मला दिसेना.

मी ते आकडे पुसून टाकले.